वर्गात पाच भाषा आणि आपण एकटे : उपनगरातल्या शाळेत नव्याने जॉईन होणाऱ्यांसाठी

पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षक भरतीच्या सरकारी पोर्टलवरून, आमच्याकडे नवीन शिक्षक आले आणि त्यातली एक ताई पहिल्याच आठवड्यात रडवेली होऊन म्हणाली, मॅडम अर्ध्या वर्गाला मराठी येतच नाही, मी शिकवू कसं? तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

मी पिंपरी-चिंचवडच्या भोसरी-मोशी पट्ट्यात महापालिकेच्या मराठी शाळेत अकरा वर्षं पहिली-दुसरीला आहे. आजूबाजूला एमआयडीसी, वर्कशॉप, भाड्याच्या खोल्या. वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्म्याहून कमी, त्यातही कुणी लातूर-नांदेडकडचं, कुणाच्या घरी मराठीबरोबर गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली. बाकी भोजपुरी, ओडिया, नेपाळी. ही मुलं मराठी शाळेत का येतात, तर ती खोलीपासून चालत जाण्यासारखी असते, फी नसते, पुस्तकं मिळतात, दुपारची खिचडी मिळते.

आधी प्रवेशाचं बोलते कारण इथेच मुलं गळतात. दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, म्हणून पालकाला परत पाठवायचं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, त्यात स्पष्ट आहे की कागद नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मूल वयाप्रमाणे वर्गात बसवायचं. यूडायसवर, म्हणजे मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आधीच्या शाळेने नाव ड्रॉपबॉक्समध्ये (शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत) टाकलेलं नसतं, त्यासाठी फोनाफोनी करावी लागते, ती नंतर करा, मुलाला त्याच दिवशी वर्गात बसवा.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते, अजून मनाला लागते. ओडिशाची एक मुलगी होती, सात वर्षांची. पाटीवर काहीतरी वेडंवाकडं काढत होती, मला वाटलं टाइमपास करतेय, म्हटलं चेष्टा करू नकोस. तिने पेन्सिल खाली ठेवली. नंतरचे कितीतरी दिवस पाटी समोर घेऊन नुसती बसायची आणि मी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढे "प्रतिसाद नाही" लिहीत राहिले. मग एकदा तिचे वडील भेटले तेव्हा बोलता बोलता कळलं की ओडियात चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी त्या पोरीला प्रयत्न करू नकोस असं सांगितलं होतं, आणि ती बिचारी ऐकत होती.

तेव्हापासून गप्प मुलाला काही येत नाही असं मी धरत नाही. पहिला दीड महिना तरी धरू नका. वस्तू हातात द्या आणि तुझ्या घरी याला काय म्हणतात एवढंच विचारा. त्याच मुलीला मी बटाटा दाखवला, बिहारची पोरं ओरडली आलू, आणि ही हळूच म्हणाली आळू. इतका स्वच्छ ळ! आपल्याकडे अळू म्हणजे भाजीची पानं म्हणून मराठी पोरं हसली, पण मला तो ळ ऐकून काटा आला, कारण हिंदी पट्ट्यातली मुलं शाळाचं शाला करतात आणि त्या अक्षरावर आपले आठवडे जातात. दुसऱ्या दिवशी तिला पुढे उभं केलं, बाळ, शाळा, केळं, ती म्हणणार आणि वर्ग तिच्यामागून. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. तिच्या "आई आला"वर लगेच लाल पेन चालवू नका, ओडियात क्रियापदाला स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतंच, ते ऐकून ऐकून सुधारतं.

सगळ्यांना कळावं म्हणून वर्ग हिंदीत चालवायचा मोह होतो, मीही केलंय ते, पण ओडिया-नेपाळी मुलाला हिंदीही परकीच असते आणि पालकांना तर पोराला मराठी यायला हवी असते, त्यांना इथेच राहायचंय. अडेल तिथे मुलाची भाषा, बाकी सोपी मराठी, असं मला जमलं. आणि वर्गातल्या एकाच हुशार मुलाला कायम दुभाषी करू नका, त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो.

पालक मीटिंगला येत नाहीत ही तक्रार सगळीकडे असते. अहो भोसरीत कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, आपण मीटिंग ठेवणार शनिवारी, बारा तासांची शिफ्ट करणारा माणूस खाडा करून कसा येईल? गुरुवारी ठेवली तर वडीलही येतात, मी बघितलंय.

दिवाळीनंतर छठपूजेला मुलं गावी जातात आणि उशिरा येतात, तोवर नाव कमी करायची घाई नको. जाण्याआधी फोन नंबर घ्या, आणि गावाहून येताना नंबर बदललेला असतो म्हणून खोलीमालकाचा आणि शेजारच्या किराणावाल्याचाही घेऊन ठेवा.