हॉट अँड कोल्ड एसी: पेटी ४८ हजारांची, भिंतीवर चढेपर्यंत ५९,७००

नागपुरात एसी घेताना माणसं सीताबर्डीतली चार दुकानं पालथी घालतात, पाचशे रुपयांसाठी दुकानदाराशी हुज्जत घालतात, आणि एसी बसवायला आलेल्या मुलाला चहा देऊन स्वतः टीव्हीसमोर जाऊन बसतात. पैसे जातात ते त्या तासाभरात. माहेर-सासर धरून मी आजवर पाच एसी बसवून घेतले. पहिल्याने चांगलंच रडवलं, पाचव्याच्या वेळी मी स्टूल टाकून मेकॅनिकच्या बाजूला बसले होते.

आधी हॉट अँड कोल्ड घ्यायचा की साधा, ते ठरवा. यंत्र तेच असतं, फक्त गॅसची दिशा उलटी करणारा एक व्हॉल्व्ह जास्तीचा. उन्हाळ्यात ते खोलीतली उष्णता बाहेर टाकतं, हिवाळ्यात बाहेरची आत ओढतं. उष्णता तयार करायची नसते, नुसती वाहून आणायची असते, म्हणून एका युनिट विजेत साधारण तीन युनिटांची ऊब मिळते. दोन हजार वॅटचा रूम हीटर तीन तास चालला की सहा युनिट जळतात, तेवढीच ऊब हा दोन युनिटांत देतो. साध्या एसीपेक्षा मला पाच हजार जास्त पडले. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर जरूर घ्या. नसेल तर आपल्याकडची कडाक्याची थंडी मोजून काही आठवड्यांची, रजई पुरते. आम्ही घेतला तो सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी.

टनाचं गणित कोणीही सांगेल. मी एवढंच म्हणेन की वर उघडा स्लॅब असेल तर १० बाय १२ च्या खोलीलाही दीड टन घ्या.

स्टारच्या बाबतीत मात्र दुकानदाराचं ऐकू नका. स्टिकरवरचे वर्षाचे युनिट १६०० तासांच्या वापराचे असतात. आमचा एसी एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत रात्री आठ तास चालतो, म्हणजे ६०० तास. ३ स्टार आणि ५ स्टारच्या युनिटांमधला फरक घ्या, १६०० ने भागा, तुमच्या तासांनी गुणा, आणि वीजबिलावरच्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर लावा. वरचाच, कारण एसीचे युनिट पंखा-फ्रिजच्या डोक्यावर जाऊन बसतात. ५ स्टारचे जादा पैसे किती वर्षांत फिटतात ते लगेच दिसेल. भर दुपारी चालवणार असाल तर ५ स्टारकडे थोडं झुका, कारण त्या स्टिकरच्या हिशोबात बाहेरचं तापमान ४३ अंशांपर्यंतच धरलेलं असतं आणि आपला नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याच्या पुढे सुरू होतो. सब-मीटर लावून मोजलं तेव्हा आमचा एका उन्हाळ्याचा आकडा ४९० युनिटांच्या आसपास आला.

वायरिंग एसी येण्याआधी करून ठेवा. ४ स्क्वेअर एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग. गीझरच्या लाइनवरून ओढू नका. बिलावर मंजूर भार किती आहे तेही बघून घ्या.

आउटडोअर युनिटची जागा उत्तरेला किंवा पूर्वेला. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेला डबा दुपारभर तापतो आणि नेमकी गरज असते तेव्हाच दमतो. ऊन लागू नये म्हणून त्याला पत्र्याच्या पेटीत कोंडणारे शहाणेही मी पाहिलेत. स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो तो. वरून सावली द्या, पुढचं तोंड मोकळं ठेवा. गच्चीवर ठेवणार असाल तर फरशीपासून उंच, स्टँडवर.

आता पाइप. इथे माझे सगळ्यात जास्त पैसे बुडाले.

पेटीसोबत बहुधा तीन मीटर पाइप येतो. आउटडोअर गच्चीवर गेला की सहा-सात मीटर सहज लागतो आणि वरच्या प्रत्येक मीटरचे वेगळे पैसे. गेल्या फेब्रुवारीत मला मीटरला ९०० पडले, चार मीटरचे ३,६००. पाइप तांब्याचाच मागा. काही ठिकाणी ॲल्युमिनियमचा खपवतात, तो नको. दोन सुती (पाव इंची) आणि चार सुती (अर्धा इंची), दोन्ही पाइपांवर फोमचं वेगवेगळं वेष्टण हवं. दोघांना एकाच नळीत कोंबलं तर थंडावा वाटेतच संपतो. गच्चीवरच्या उघड्या फोमचा आपल्या उन्हात दोन वर्षांत भुगा होतो, म्हणून वरून पीव्हीसीचं आवरण. उरलेला पाइप वेटोळं करून मागे लपवू देऊ नका, लागेल तेवढाच कापायला लावा. तीन मीटरपेक्षा आखूडही करू नका, युनिटं आवाज करायला लागतात.

पाइपाचं टोक फुलवून नट कसतात, त्याला फ्लेअर म्हणतात. माझा पहिला एसी तिथेच मेला. त्या मुलाने पाइप हॅक्सॉने कापला, आतली कच साफ केली नाही, आणि भलामोठा पाना लावून नट असा आवळला की फ्लेअरला केसाएवढी चीर गेली. दिसणार कुणाला? पुढच्या एप्रिलमध्ये थंड होईना. दुसरा मेकॅनिक आला, म्हणाला, "ताई, गॅस संपला, दरवर्षी भरावाच लागतो." भरला. त्याच्या पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा भरला, आणि तिसऱ्याही. तिन्ही वेळा मी मुकाट पैसे मोजले. चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या मेकॅनिकने नटावर साबणाचा फेस लावला आणि बुडबुडे दाखवले. तेवढंच होतं.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणारा माणूस तुमचा भाऊ लागत असला तरी त्याला परत पाठवा. आणि कापायला कटर, कच काढायला रीमर, काढताना पाइपाचं तोंड खाली, म्हणजे चुरा आत पडत नाही. फ्लेअरला तेलाचा थेंब. नट शक्यतो टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने. यातलं काही त्याच्या थैलीत नसेल तर काम सुरूच होऊ देऊ नका.

त्यानंतर व्हॅक्यूम. नव्या पाइपात हवा असते, हवेत ओल असते. ती ओल आत राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरला आतून खात राहतं. वॉरंटी संपली की मग कळतं. म्हणून पंप लावून पाइप रिकामा करायचा असतो, गेजची सुई पार खाली जाऊन बसेपर्यंत. मी किमान २० मिनिटं घड्याळ लावते. मग पंप बंद करून आणखी १० मिनिटं सुईकडे बघायचं. ती वर सरकली तर कुठेतरी गळती आहे किंवा ओल राहिली आहे. हलली नाही तरच आउटडोअरचे व्हॉल्व्ह उघडायचे. गळती पकडायला त्याच्याआधी नायट्रोजन भरून पाहणारा मेकॅनिक मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

एप्रिलमध्ये दिवसाला सहा-सात एसी बसवणाऱ्या मुलाला हा अर्धा तास जड जातो. "काही नाही होत ना ताई, गॅसनेच हवा काढून देतो, सगळीकडे असंच करतो." म्हणजे आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून त्याच्या धक्क्याने हवा बाहेर ढकलायची. ओल जात नाही, गॅस मात्र जातो. आजकालच्या एसीतला आर-३२ गॅस थोडा पेट घेणाराही असतो, तो खोलीत सोडायचा कशाला? पाचव्या एसीच्या वेळी बुकिंग करतानाच मी विचारलं होतं, व्हॅक्यूम पंप आणणार का? एकाने "हो हो" म्हटलं आणि हात हलवत आला. चहा पाजून वाटेला लावला. दुसरा दोन दिवसांनी आला, पंप घेऊन. म्हणून सांगते, फेब्रुवारीत बसवा. तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो आणि तुम्हाला नाही म्हणायची सोय असते.

आणि पाइप लांब असेल तर वाढीव गॅस लागतो का, ते मॅन्युअलमध्ये बघा. मीटरमागे किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. अंदाजाने नाही, काट्यावर मोजून.

माझा पाचव्या एसीचा हिशोब असा: पेटी ४८,०००, बसवणावळ १,५००, जादा पाइप ३,६००, स्टँड ९००, वायर-एमसीबी-मजुरी ४,२००, भिंतीला भोक ५००, पाण्याची नळी ३००, पाइपाचं आवरण ७००. एकूण ५९,७००. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण दिलासा पेटीपुरता. बसवणावळीवर आधीपासूनच १८ होता. स्टॅबिलायझर मी घेतला नाही. पेटीवर व्होल्टेजचा पल्ला छापलेला असतो, आमच्या भागातली वीज त्यात बसते.

हॉट अँड कोल्डवाल्यांसाठी एक गोष्ट. थंडीत ऊब देताना आउटडोअर युनिट गार पडतं आणि पाणी गाळतं. पेटीत त्यासाठी प्लास्टिकचा छोटा वाकडा तुकडा असतो, बसवणारे तो थर्माकोलसोबत फेकतात. तो मागून घ्या आणि नळी जोडा, नाहीतर जानेवारीत खालच्या काकू वाळवणाचं ताट घेऊन वर येतील. आमच्याकडे आल्या होत्या.

हीटिंग मात्र उन्हाळ्यात नीट तपासता येत नाही. फेब्रुवारीत घेतलेल्या एसीची वर्षाची वॉरंटी पुढच्या फेब्रुवारीत संपते, तेव्हा पहिली थंडी पडली की डिसेंबरातच दोन-तीन रात्री चालवून बघा. बिल मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, त्यावर तारीख लाल पेनाने.