माल्कमचं एनग्रेव्हिंग: फ्रेमवाल्याकडे नेण्याआधी

जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव ज्याच्या स्वाधीन झाला तो सर जॉन माल्कम. कंपनीच्या फौजेतून वर चढलेला, इराणच्या शहाकडे वकील म्हणून गेलेला, पुढे १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर. बेळगावचा किल्ला घेणारा मन्रो वेगळा, तेव्हा एनग्रेव्हिंगच्या, म्हणजे खोदलेल्या धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राच्या, खालचं नाव आधी वाचा.

मग दहापटीच्या भिंगातून गाल बघा. छटा रेघांनी किंवा सुट्या टिंबांनी भरलेली आणि रेघ टोकाला निमुळती असेल, तर एनग्रेव्हिंग. सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नंतरची हाफटोन छपाई. चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची चौकट असू शकते. कडा छाटल्या असतील तर दिसणार नाही. खाली सहसा डावीकडे चित्रकार, उजवीकडे खोदणारा, मधे प्रकाशक आणि साल. हा मजकूर कापू नका, माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकूही देऊ नका. साल मात्र पत्रा प्रसिद्ध झाल्याचं. त्याच पत्र्यावरून पुढेही प्रती निघत.

तपकिरी डाग दमटपणाचे. ब्लीच नको, ओलं फडकं तर नकोच. मऊ ब्रशने धूळ झाडली की पुरे. पुठ्ठ्याला चिकटलेलं चित्र ओढून काढू नका, ते जाणकाराचं काम.

फ्रेममध्ये खरी चूक होते ती चिकटवताना. चारही कडा फेव्हिकॉलने पक्क्या केल्या की पावसाळ्यात कागद फुगतो, पसरायला जागा नसते, मग लाटा येतात. वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या फक्त दोन पट्ट्या लावा. खळ गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, चार भाग पाणी, मंद आचेवर ढवळत वीसेक मिनिटं, गार झाल्यावर गाळून. मैदा नको. कुरडईचा चीकही नको, तो आंबलेला असतो. पट्टी चित्राच्या कागदापेक्षा पातळच हवी. ओढ बसली तर आधी ती फाटावी.

माउंट अ‍ॅसिड-फ्री आणि दोन-तीन मिलिमीटर जाड घ्या, म्हणजे काच चित्राला टेकत नाही. मागे प्लायवूड लावू देऊ नका. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंतीमागून हवा खेळते. खानापूरकडच्या घरात पावसाची झड खाणारी जांभ्याची भिंत टाळा, माजघरातली आतली भिंत निवडा. फ्रेम फेब्रुवारी ते मे दरम्यान करून घ्या. श्रावणात केली तर ओल काचेआडच कोंडते. दसऱ्याच्या साफसफाईत मागची बाजू बघा, कसर लागली असेल तर तिथेच कळेल.