फुल-फ्रेम की कॉम्पॅक्ट? सेन्सरची परीक्षा घ्या आपल्याच ओसरीत

तालुक्यात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एखाद्या ओळखीच्याचा फुल-फ्रेम कॅमेरा (यात उजेड टिपणारी चिप, म्हणजे सेन्सर, मोठी असते) एका संध्याकाळपुरता मागून आणा. सीझन संपल्यावर मागा, तेव्हा मिळतो. सोबत आपला छोट्या सेन्सरचा कॉम्पॅक्ट आणि एक ट्रायपॉड.

आधी दोन्ही सेन्सरचं माप मिलिमीटरमध्ये पाहा. इंचावर जाऊ नका. ‘एक इंची’ सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमीचा असतो. ते इंच जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या नळीच्या बाहेरच्या व्यासाचे. फुल-फ्रेम ३६ × २४ मिमी. म्हणजे ११६ विरुद्ध ८६४ चौरस मिमी, सात पटींहून जास्त. स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची तर जेमतेम २८ चौरस मिमीचा.

दुपारच्या उन्हात फरक शोधत बसू नका, फारसा सापडणार नाही. दिवेलागणीला ओसरीतला एकच बल्ब लावा. कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा भारा, वर कवेलू, असा उजेड-अंधार हवा. चौकट सारखी ठेवा: फुल-फ्रेमवर लेन्स ५० मिमीची, तर एक इंचीवर साधारण साडेअठरा. दोन्हीकडे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ/४, शटर आणि आयएसओही (उजेड किती वाढवून दाखवायचा तो आकडा) तेच. आयएसओ ४००, ८००, १६०० आणि ६४०० वर, रॉमध्येच (सेन्सरने टिपलेली कच्ची फाइल) काढा. जेपेगमध्ये कॅमेरा अंधारात उमटणारे दाणे परस्पर पुसतो, मग तुलना कसली?

घरी कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो एकाच आकाराचे करून शेजारी लावा. मेगापिक्सेल वेगळे असताना शंभर टक्के झूम करून पाहिलं तर फसगत होते. बल्बकडे नको, भाऱ्यामागच्या अंधारातल्या दाण्यांकडे बघा. कॅमेरे एकाच काळातले असतील, तर फुल-फ्रेमचा ६४०० चा फोटो एक इंचीच्या ८०० च्या आसपास दिसेल.

आता दुकानदार सांगत नाही ती गोष्ट. एक इंचीवर एफ/४ ला जवळपासून लांबपर्यंतचा जेवढा भाग स्पष्ट येतो, तेवढा फुल-फ्रेमवर आणायला जवळपास एफ/११ लागतं, म्हणजे भोक लहान आणि उजेड कमी. शटर तेच ठेवायचं तर आयएसओ सात पट चढवावा लागतो, आणि मोठ्या सेन्सरची कमाई बहुतेक तिथेच संपते. पंगतीतली पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंतची माणसं स्पष्ट हवी असतील, तर हा हिशेब आधी करा.

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातली रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं टिपायची असतील, तर मी डोळे मिटून फुल-फ्रेम आणि मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स सांगेन. नट हलतो, शटर मंद ठेवता येत नाही. पण गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत दिवसाउजेडी सारस टिपायचे, तेही लांबून, त्यांना न उडवता, तर छोटा सेन्सरच कामाचा. निकॉन पी१००० ची ५३९ मिमीची लेन्स त्या इवल्या सेन्सरवर फुल-फ्रेमच्या ३००० मिमीएवढं जवळ आणते. तो खिशात मावत नाही, पण फुल-फ्रेमला तेवढी लेन्स घ्यायची म्हटली तर वावर विकावं लागेल.