घटनादुरुस्ती सुचवायचीय? आधी खोडायचा शब्द दाखवा

कायद्याचे मसुदे तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. घटनादुरुस्तीची सूचना घेऊन कुणी आलं की मी विचारतो, "कुठल्या कलमातला कुठला शब्द खोडायचाय?" बहुतेक जण तिथेच गप्प होतात. त्यांच्याकडे तक्रार असते, दुरुस्ती नसते.

म्हणून आधी राज्यघटना उघडा. साध्या कायद्याने भागत असेल तर घटनेला हात लावू नका. नसेल भागत, तर आड येणारं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवा आणि त्याखाली नवं लिहा. भारताच्या ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय उतरवलं ते असंच. कलम ३२६ मधल्या 'एकवीस वर्षे'च्या जागी 'अठरा वर्षे', बस्स. तरुणांच्या आकांक्षा वगैरे भाषणासाठी ठेवा.

मग प्रस्ताव मांडण्याचा हक्क कुणाला आहे ते पाहा. स्वित्झर्लंडमध्ये नागरिकांनी १८ महिन्यांत १ लाख सह्या जमवल्या की प्रस्ताव जनमताला टाकता येतो, मात्र त्यात विषय एकच हवा. भारतात विधेयक संसदेतच मांडावं लागतं, म्हणजे खासदार गाठणं आलं. काही गोष्टींना तर हातच लावता येत नाही. जर्मनीत मानवी प्रतिष्ठेचं तत्त्व तसं आहे, भारतात १९७३च्या केशवानंद भारती निकालापासून घटनेची मूलभूत चौकट.

खरी मेहनत शब्दांवर. माझ्या पहिल्या मसुद्यात मी 'योग्य ती मदत' लिहिलं होतं. साहेबांनी 'योग्य'भोवती लाल गोल काढून बाजूला लिहिलं, "कुणाच्या मते?" आयर्लंडने २०१५मध्ये समलिंगी विवाहाला जनमताने मान्यता दिली, तीही एका सुटसुटीत वाक्यावर. त्याच देशात २०२४मध्ये कुटुंबाच्या व्याख्येत 'टिकाऊ नाती' घालायचा प्रस्ताव आला. टिकाऊ म्हणजे नक्की काय, यावरच वाद रंगला आणि दोन तृतीयांशांहून जास्त मतं विरोधात पडली. समाज काही नऊ वर्षांत उलटा फिरला नव्हता. तेव्हा मसुदा तुमच्या विरोधकाला वाचायला द्या. मित्र चुका काढत नाहीत.

आणि मुदत तपासा. अमेरिकेची २७वी दुरुस्ती १७८९मध्ये मांडली गेली आणि १९९२मध्ये मंजूर झाली, कारण तिला मुदतच घातलेली नव्हती. तिथल्याच १९७२च्या स्त्री-पुरुष समान हक्कांच्या प्रस्तावाला सात वर्षांची होती. ती वाढवूनही मंजुरीला लागणारी ३८ राज्यं वेळेत जमली नाहीत. तुमच्याकडे मुदत कुठल्या तारखेपासून मोजतात, हे पहिली सही घेण्याआधी लिहून ठेवा.