पाण्यात उतरण्याआधीचं काम: ट्रक-ट्रेलरवरून कयाक नेताना

कयाकिंग शिकवण्याच्या किंवा सहली नेण्याच्या कामात जो कोणी नवीन येतो, त्याच्या हाती वल्ह्याआधी पट्टे येतात. बोटी उचला, ट्रेलरवर चढवा, बांधा, पोचल्यावर उतरवा. बऱ्याच नव्या मुलामुलींना ही निव्वळ हमाली वाटते आणि ती कशीबशी उरकून ते पाण्याकडे धावतात. मला मात्र या कामाबद्दल फार आस्था आहे. पाण्यात आपण लाइफ जॅकेट घालून उतरतो. रस्त्यावर आपल्या मागून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला आपण बांधलेल्या गाठीवरच भरवसा ठेवावा लागतो, आणि त्याने ती गाठ पाहिलेलीही नसते.

मला हे काम शिकवणाऱ्या वरिष्ठ गाइडने एक प्रश्न विचारायची सवय लावली: ही बोट आत्ता कुठे कुठे जाऊ शकते? उत्तर दिशांमध्ये द्यायचं. खालून वारा शिरला तर वर. करकचून ब्रेक लागला तर पुढे. गाडी झटक्यात सुटली तर मागे. वळणावर बाजूला. आणि नवख्यांच्या सहसा लक्षात न येणारी पाचवी हालचाल म्हणजे बोट मधल्या पट्ट्यांभोवती फिरते, तिचं एक टोक डावीकडे आणि दुसरं उजवीकडे जातं. मधले दोन पट्टे बोटीला खाली दाबून धरतात. पण तिचं पुढेमागे सरकणं ते फक्त घर्षणाने थांबवतात, आणि ओल्या प्लॅस्टिकच्या घर्षणावर विसंबण्यात अर्थ नाही. म्हणून दोन्ही टोकांना वेगळे दोर लागतात. बांधून झालं की प्रत्येक दोराला हात लावून ‘हा कुठली दिशा अडवतो’ ते मोठ्याने सांगायचं. सांगता आलं नाही तर सोडून पुन्हा बांधायचा.

वाऱ्याचं गणित इथेच समजून घ्या. वेग दुप्पट झाला की हवेचा जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरला जी बांधणी ढिम्म हलत नाही, तिच्यावर ताशी १०० ला चौपट ओढ येते. समोरून वारा असेल तर त्याहून जास्त. गल्लीबोळातून नीट आली म्हणून ती हमरस्त्यावर टिकेल असं मानू नका.

आता पट्टे. कयाकसाठी २५ मिलीमीटर रुंदीचा, कॅम बकलचा पट्टा वापरा. या बकलमध्ये पट्टा हाताने ओढायचा आणि दात त्याला धरून ठेवतात. म्हणजे ताण हाताच्या जोराइतकाच येतो. दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे दांडा मागेपुढे करून आवळायच्या रॅचेट पट्ट्याचा दांडा मात्र तरफेसारखा चालतो, त्यामुळे किती ताण दिला हे हाताला कळतच नाही. त्याने प्लॅस्टिकची बोट चेपते, फायबरग्लासच्या बोटीला तडा जाऊ शकतो. ताकदवान मुलांना रॅचेट आवडतो. मी त्यांच्या हातून तो काढून घेते. पट्टा पॉलिएस्टरचा असावा. नायलॉन भिजला की ताणला जातो, म्हणजे पाऊस लागला की बांधणी सैल. ताणले जाणारे रबरी बंजी दोर वल्ही एकत्र ठेवायला ठीक आहेत, बोट बांधायला कधीच नाहीत, कारण ताणलं जाणं हाच त्यांचा गुण आहे.

किती आवळायचं, हे विचारणाऱ्याला मी एक चाचणी देते. बोटीचं टोक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवायचं. बोटीबरोबर गाडी डुलली पाहिजे. गाडी स्थिर आणि बोट हलतेय, तर बांधणी सैल आहे. बोट हलत नाही, पण पट्ट्याखाली तिच्या अंगाला खळगा पडलाय, तर जास्त झालं. या दोन्हींच्या मधली जागा हाताला कळायला थोडा काळ जातो, आणि ती दुसऱ्याचं पाहून कळत नाही. बकल बोटीच्या अंगावर न टेकता बाजूला, गादीवर यायला हवं. हवेत मोकळ्या राहणाऱ्या पट्ट्याला एक पीळ द्या, म्हणजे वाऱ्यात तो घुमत आणि फडफडत नाही. उरलेलं टोक गुंडाळून बांधून टाका.

बोट टेकते कुठे, यालाही तितकंच महत्त्व आहे. बहुतेक साध्या कयाक पॉलिएथिलिनच्या असतात, आणि हे प्लॅस्टिक उन्हात मऊ पडतं. सपाट बुडावर, रॅकच्या दोन अरुंद बारवर (आडव्या दांड्यांवर), गच्च आवळून तापत ठेवलेली बोट हमखास चेपते. (असा खळगा बराचसा परत भरून येतो: बोट बारवरून काढून उन्हात मोकळी ठेवायची आणि थोडा धीर धरायचा.) शक्य असेल तर बोट कडेवर उभी करून न्या किंवा तिच्या आकाराच्या गादीदार क्रेडलमध्ये ठेवा. समुद्री कयाकच्या पोटात आडव्या भिंती असतात, त्यांना बल्कहेड म्हणतात. तिथे बोटीचं अंग सगळ्यात बळकट असतं, म्हणून आधार आणि पट्टे त्या भिंतींच्या जवळ आणा, हॅचच्या, म्हणजे सामानाच्या बंद कप्प्याच्या, झाकणावर नको. ऊन कडक असेल तर बंद हॅचमधली हवा तापून फुगते. लांबच्या प्रवासात झाकण थोडं सैल ठेवा, पण त्याची दोरी बोटीला बांधलेली असू द्या. कॉकपिटला, म्हणजे बसायच्या खोबणीला, कव्हर घाला, कारण उघडा कॉकपिट वाराही धरतो आणि पावसाचं पाणीही. एक लिटर म्हणजे एक किलो; पावसात वाढलेलं हे वजन पट्ट्यांनाच झेलावं लागतं.

पिकअप ट्रक हा छोट्या कामासाठी सोपा मार्ग आहे. तीन-साडेतीन मीटरच्या एक-दोन बोटी मागच्या हौद्यात तिरप्या किंवा सरळ बसतात, उचलायचं श्रम वाचतं. अडचण एकच, बोट मागे बाहेर येते. ट्रकच्या हिचमध्ये (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीत) बसणारा टी आकाराचा एक्स्टेंडर मिळतो, तो लावला की मागच्या भागाला आधार मिळतो. बोटीचं अर्ध्याहून जास्त वजन हौद्याच्या आत असायला हवं. मागचं फळकूट उघडं ठेवून त्यावर बोट टेकवली असेल तर ते किती वजन पेलतं हे आधी बघा, आणि नंबर प्लेट व दिवे झाकले जात नाहीत ना तेही. मागे आलेल्या टोकाला दिवसा लाल फडकं, रात्री लाल दिवा. किती बाहेर चालतं याचे नियम देशागणिक वेगळे आहेत: जर्मनीत मागच्या रिफ्लेक्टरपासून १ मीटरपेक्षा जास्त बाहेर आलं की निदान ३० बाय ३० सेंटीमीटरचा लाल झेंडा किंवा तसंच ठळक चिन्ह लागतं, ब्रिटनमध्ये २ मीटरपुढे खास पट्ट्यापट्ट्यांचे फलक लावावे लागतात. आपल्या भागाचा नियम पाठ हवा. आणि वळताना लक्षात ठेवा, गाडी डावीकडे वळली की मागे आलेलं टोक उजवीकडे झेपावतं, शेजारच्या लेनमध्ये.

बोटी टपावरच्या रॅकवर असतील तर पुढच्या दोराबद्दल एक गोष्ट अगदी ठासून सांगते. तो सुटला आणि त्याचं मोकळं टोक पुढच्या चाकापर्यंत पोचलं, तर चाक दोर गिळतं आणि बोट क्षणात खाली खेचून मोडतं. म्हणून सुटला तरी चाकापर्यंत पोचणार नाही इतकाच दोर लांब ठेवायचा. हा दोर हलका ताणलेला पुरे. जास्त ओढला तर बोट कमानीसारखी वाकते.

संस्थेत किंवा क्लबमध्ये काम करायचं तर ट्रेलर आलाच. उंच टपापेक्षा त्यावर बोटी चढवणं सोपं, एका खेपेत डझनभर बोटी जातात, आणि म्हणूनच त्याची जबाबदारी मोठी.

पहिला नियम: ट्रेलर गाडीला जोडल्याशिवाय त्यावर एकही बोट चढवायची नाही. लांब बोटींचं वजन चाकांच्या मागे गेलं की सुटा ट्रेलर मागे उलटतो आणि त्याचा पुढचा दांडा वर उसळतो. तिथे कुणाचं तोंड असेल तर काय होईल ते सांगायला नको. उतरवतानाही तेच, आधी सगळ्या बोटी खाली, मग ट्रेलर सोडायचा. एकाच बाजूचे मजले भरून टाकू नका. डावीकडे एक, उजवीकडे एक असं भरत जा. जड बोटी खाली, हलक्या वर.

जोडणीत गाडीमागचा गोळा म्हणजे बॉल आणि त्याला पकडणारं ट्रेलरच्या दांड्याचं टोक म्हणजे कपलर, दोन्ही एकाच मापाचे हवेत. युरोपात बहुतेक ठिकाणी ५० मिलीमीटरचा बॉल असतो. उत्तर अमेरिकेत एकाहून जास्त मापं चालतात, आणि मोठ्या कपलरमध्ये थोडा लहान बॉल बसल्यासारखा दिसतो. खड्ड्यात तो उसळून बाहेर येतो. कुलूप लावल्यावर दांडा हाताने किंवा जॅकने वर उचलून बघा. गाडीचा मागचा भाग त्याच्याबरोबर वर आला तर जोड पक्का. सेफ्टी चेन दांड्याखालून फुलीसारख्या ओलांडून लावायच्या, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता चेनच्या झोळीत पडतो. मग दिवे: एकजण मागे उभा राहून ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, मागचे दिवे ओरडून सांगतो. रोज.

दांड्यावर किती वजन येतं हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही, आणि ट्रेलर शेपटासारखा डोलण्याचं मुख्य कारण तिथेच असतं. उत्तर अमेरिकेतल्या प्रघाताप्रमाणे भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के वजन दांड्यावर यावं. युरोपात प्रमाण याहून कमी धरतात. गाडीवर आणि हिचवर लिहिलेली मर्यादा ही शेवटची. ४०० किलोच्या ट्रेलरला १० टक्के म्हणजे ४० किलो, आणि ते घरातल्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून, त्यावर दांडा टेकवून मोजता येतं. वजन कमी भरलं तर बोटी थोड्या पुढे सरकवा. पण इतक्याही नाही की वळताना त्यांची टोकं गाडीच्या मागच्या काचेला लागतील. कयाकच्या ट्रेलरचा दांडा लांब ठेवतात तो यासाठीच.

डोलायला लागला तर? ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, ब्रेकवर उभे राहू नका, वेग वाढवून सरळ करायचा प्रयत्नही नको. थांबल्यावर भार पुन्हा बघा. कयाकचे ट्रेलर हलके असल्याने पुष्कळदा त्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. थांबायला लागणारं अंतर तुमच्या गाडीच्या ब्रेकवरच अवलंबून असतं. युरोपीय संघात मोटारीच्या साध्या, बी वर्गाच्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर चालतो. तुमच्याकडे परवान्याचा कोणता वर्ग लागतो ते नोकरीला रुजू होण्याआधी तपासा.

आणखी एक, बोटींच्या मानाने स्प्रिंग फार कडक असतील तर ट्रेलर उड्या मारत चालतो आणि प्रत्येक उडीत पट्टे थोडे थोडे सैल होतात. म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत थांबून सगळे पट्टे ओढून बघायचे, कितीही उशीर झालेला असला तरी. नंतर प्रत्येक थांब्यावर. चाकाच्या मधल्या भागालाही हात जवळ नेऊन बघा. एक चाक दुसऱ्यापेक्षा खूप तापलं असेल तर त्याचं बेअरिंग बिघडतंय. ट्रेलर पाण्यात घालायचा मोह टाळा. तापलेलं चाक थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकुंचन पावते आणि बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं. कयाक हाताने उचलण्याजोगी असते, तर हे संकट कशाला ओढवून घ्यायचं?

रिव्हर्स घेणं मोकळ्या मैदानात शिका, घाटावर शंभर डोळ्यांसमोर नाही. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात ज्या बाजूला न्याल तिकडे ट्रेलर जातो. छोटा ट्रेलर चटकन वळतो, मोठा सावकाश, त्यामुळे छोटाच जास्त अवघड. गाडी आणि ट्रेलर यांच्यात घडी पडायला लागली की थांबा, थोडं पुढे या, पुन्हा सुरू करा. अनुभवी चालकही असंच करतात.

माणसांचं नियोजन मात्र कुठल्याही पट्ट्यापेक्षा महत्त्वाचं. एक बोट बांधायला ज्याने घेतली त्यानेच ती पूर्ण करायची. बांधणाऱ्याशी कुणी गप्पा मारायच्या नाहीत. अर्धवट राहिलेला पट्टा दिसायला पूर्ण पट्ट्यासारखाच असतो, आणि तो नेमका तेव्हा राहतो जेव्हा कुणी हाक मारतं. शेवटी ज्याने काहीही बांधलेलं नाही अशा एकाने सगळ्याभोवती चक्कर मारायची. नव्या माणसाने हे चक्कर मारायचं काम मागून घ्यावं. त्यात सगळ्यांच्या गाठी पाहायला मिळतात. दोघांनी उचलताना बोलून उचला, गुडघ्यातून उठा, आणि बोटीतलं पाणी आधी ओता. नदीच्या सहलीत गाडी एका जागी आणि बोटी दुसऱ्या जागी संपतात, तेव्हा उतरायच्या जागी उभ्या केलेल्या गाडीची किल्ली कुणाच्या ड्राय बॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) आहे हे निघण्याआधी सगळ्यांना माहीत हवं.

परतीच्या बांधणीआधी बोटी धुवा, पाणी पूर्ण काढा, वाळवा. हे फक्त स्वच्छतेसाठी नाही. झेब्रा मसल नावाचा शिंपला मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या परिसरातला. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या परिसरात आढळला आणि पुढे ट्रेलरवरून नेलेल्या बोटींबरोबर तळ्यातळ्यांत पोचला. त्याची अळी डोळ्यांना दिसत नाही, पेलाभर उरलेल्या पाण्यात ती जाऊ शकते. म्हणून सीटखालचं, फूटरेस्टमागचं, ट्रेलरच्या पोकळ नळ्यांमधलं पाणी काढा, अडकलेली शेवाळं हाताने ओढा. खाऱ्या पाण्यावरून आला असाल तर पट्टे आणि बकल गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळत घाला. कडेचा धागा उसवलेला किंवा उन्हाने कडक झालेला पट्टा दिसला की त्याच वेळी कापून टाका, म्हणजे पुढच्या वेळी घाईत तो कुणाच्या हाती लागणार नाही.