घरातील फोटोंचा संग्रह लावणे आणि सुधारणे : डिजिकॅमच्या मदतीने

बहुतेक घरांतील फोटो आज फोन, जुना लॅपटॉप, दोन-तीन पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सॲपचे गट यांत विखुरलेले असतात आणि ते एकत्र करण्याचे काम हाती घेतले की पहिला मोह होतो तो रंग खुलवण्याचा. हा मोह आवरावा. फोटो कोणाचा, कधीचा आणि कुठला, ही माहिती आधी नोंदवावी आणि ती शक्यतो फोटोच्या फाइलीतच नोंदवावी, कारण फोटो हाताळण्याची सॉफ्टवेअर येतात आणि जातात. गूगलचे पिकासा एके काळी घरोघरी होते. २०१६ मध्ये ते बंद झाले. त्यात केलेल्या पुष्कळशा सुधारणा मूळ फोटोत नव्हे, तर त्याच फोल्डरमधील एका लपलेल्या छोट्या फाइलीत राहत असत, त्यामुळे ज्यांनी नुसते फोटो उचलून दुसरीकडे नेले त्यांच्या हाती सुधारणांविना मूळ फोटोच आले.

या कामासाठी येथे डिजिकॅम हे सॉफ्टवेअर गृहीत धरले आहे. ते विनामूल्य आणि मुक्त स्रोताचे असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते. त्यातील अल्बम म्हणजे हार्ड डिस्कवरील साधा फोल्डरच असतो, त्यामुळे डिजिकॅम काढून टाकले तरी फोटोंची मांडणी तशीच राहते.

सुरुवातीला सर्व ठिकाणचे फोटो एका डिस्कवर ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये जसेच्या तसे उतरवून घ्यावेत आणि त्याची एक प्रत काढूनच पुढचे काम सुरू करावे. फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी प्रसंग असा क्रम ठेवावा, उदाहरणार्थ ‘2012-11-13 लक्ष्मीपूजन’. म्हणजे नावानुसार लावले की फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात. मात्र फोल्डरच्या नावातील आकडे नेहमी इंग्रजी अंकांतच टाइप करावेत. काही फोल्डरना देवनागरी अंक आणि काहींना इंग्रजी अंक दिले, तर संगणक त्यांचे दोन वेगळे गट करू शकतो आणि एकाच वर्षाचे फोटो दोन ठिकाणी दिसू शकतात.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंबाबत विशेष सावध राहावे. फोटो साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप त्याचा आकार कमी करते आणि कॅमेऱ्याने त्यात लिहिलेली तारीख, वेळ व स्थळ काढून टाकते. फाइलीच्या नावात जी तारीख दिसते, ती फोटो काढल्याची नसते. लग्न, मुंज, बारसे अशा महत्त्वाच्या प्रसंगांचे फोटो ज्यांनी काढले त्यांच्याकडून मूळ फाइली ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून घ्याव्यात.

फोटो डिजिकॅममध्ये दिसू लागल्यावर, पहिला टॅग, म्हणजे फोटोला जोडायचा नाव-प्रसंगाचा छोटा शब्द, लावण्यापूर्वी सेटिंगमधील ‘मेटाडेटा’ (फोटोविषयीच्या नोंदी) हे पान उघडावे. डिजिकॅम सर्व नोंदी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतेच. त्या फोटोच्या फाइलीतही लिहायच्या का, हे या पानावर ठरते. टॅग, फोटोखालच्या वर्णनाच्या ओळी, तारांकन, तारीख आणि चेहऱ्यांची नावे या सर्वांपुढे खूण असल्याची खात्री करावी. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइली असतील तर त्यांना हात न लावता सोबतच्या वेगळ्या एक्सएमपी फाइलीत नोंदी लिहिण्याचा पर्याय निवडावा.

मराठीत टॅग लिहिणाऱ्यांनी एक तांत्रिक मर्यादा ध्यानात ठेवावी. फोटोतील नोंदींची आयपीटीसी ही जुनी पद्धत एका टॅगला ६४ बाइटच देते आणि युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांसह. ‘वटपौर्णिमा’ हा शब्द डोळ्यांना लहान दिसतो, पण त्यात १० चिन्हे आणि ३० बाइट आहेत. म्हणजे जुन्या पद्धतीत एका टॅगमध्ये जेमतेम २१ चिन्हे मावतात. एक्सएमपी या नव्या पद्धतीला ही अडचण नाही. तरीही टॅग आटोपशीर ठेवावेत आणि सविस्तर मजकूर फोटोखालच्या ओळीत लिहावा, हे बरे.

यानंतर तारखा तपासाव्यात. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असेल तर त्या काळातील सगळे फोटो सहसा सारख्याच अंतराने चुकलेले असतात. म्हणून ज्याची खरी वेळ नक्की माहीत आहे असा एक फोटो शोधावा. भिंतीवरचे घड्याळ टिपलेला फोटो त्यासाठी फार उपयोगी पडतो. किती दिवस व किती तासांचा फरक आहे हे काढावे, मग त्या कॅमेऱ्याचे सर्व फोटो निवडून ‘आयटम’ मेनूतील ‘ॲडजस्ट टाइम अँड डेट’ या सोयीने तेवढाच फरक एकदम भरून काढावा. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅन केल्याची तारीख पडते, ती याच सोयीने बदलता येते. नेमका दिवस माहीत नसेल तेव्हा अंदाजे वर्षाची १ जानेवारी ही तारीख घालावी आणि फोटोखालच्या ओळीत ‘तारीख अंदाजे’ असे स्पष्ट लिहावे. नाहीतर आपला अंदाज पुढच्या पिढीला वस्तुस्थिती वाटेल.

निवड करताना फार घोळ घालू नये. एकसारखे फोटो शोधण्याची सोय ‘टूल्स’ मेनूत आहे आणि साम्य किती टक्के असावे हे आपल्याला ठरवता येते. ठेवायच्या फोटोंना कंट्रोल की दाबून १ ते ५ आकड्यांनी तारे द्यावेत. हललेले व निव्वळ दुबार फोटोच काढून टाकावेत. जुन्या काळातील एखाद्या व्यक्तीचा एकच फोटो असेल, तर तो अस्पष्ट असला तरी ठेवावा.

नावे लिहिणे हा या कामाचा गाभा आहे. डिजिकॅम चेहरे शोधते, आपण प्रत्येक व्यक्तीचे काही चेहरे नावाने ओळखून दिले की बाकीचे सुचवते आणि ते मान्य किंवा अमान्य करणे एवढेच आपल्याकडे उरते. ओळखीसाठी लागणाऱ्या फाइली सुरुवातीला एकदा डाउनलोड कराव्या लागतात. त्यानंतर ही प्रक्रिया आपल्याच संगणकावर चालते, घरच्यांचे चेहरे कुठेही पाठवले जात नाहीत. मात्र टॅगमध्ये ‘आजी’, ‘आत्या’, ‘मोठी काकू’ असे लिहू नये. नाते सांगणाऱ्यागणिक बदलते. एकीची आत्या ती दुसऱ्याची मावशी, तिसऱ्याची वहिनी. आणि वीस वर्षांनी हा संग्रह ज्याच्या हाती जाईल त्याला यांतले काहीच कळणार नाही. पूर्ण नाव लिहावे. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे नोंदवावीत, कारण लग्नात नाव बदललेल्या बाईचे लहानपणचे फोटो एका नावाने आणि नंतरचे दुसऱ्या नावाने राहिले, तर संग्रहात ती दोन वेगळ्या व्यक्ती होऊन बसते. टॅग एकच असावा. दुसरे नाव ओळीत लिहिले तरी शोधात सापडते. घरातील वयस्कर मंडळींना शेजारी बसवून हे काम करावे आणि ते लवकर करावे. गटफोटोतील मागच्या रांगेतले चेहरे ओळखणारी माणसे घरात एक-दोनच उरलेली असतात.

आता सुधारणा. डिजिकॅमच्या इमेज एडिटरच्या सेटिंगमध्ये मूळ फाइल कायम ठेवून सुधारलेली आवृत्ती वेगळी साठवण्याचा पर्याय आहे. तो चालू असल्याची खात्री करून घ्यावी. जेपीजी फाइल बदलून पुन्हा साठवली की दर वेळी थोडा तपशील गळतो, म्हणून स्कॅन टिफ या तपशील न गाळणाऱ्या स्वरूपात ठेवावेत. ४ बाय ६ इंचांचा रंगीत फोटो ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला तर त्याची टिफ फाइल सुमारे २६ एमबी होते, आणि आजच्या डिस्कच्या मानाने ही जागा जास्त नाही. स्कॅन करताना फोटोची पाठही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेली तारीख तिथेच सापडते.

अल्बममध्ये बंद राहिलेले सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील रंगीत फोटो तांबूस पडलेले दिसतात, कारण त्या काळच्या कागदावरील निळसर-हिरवा रंग अंधारातही इतर दोन रंगांच्या आधी फिकट होत असे. अशा फोटोवर तयार फिल्टर लावल्यास सगळेच बिघडते. त्याऐवजी ‘लेव्हल्स ॲडजस्ट’ उघडून फक्त लाल रंग निवडावा. आलेखाची डावी बाजू रिकामी दिसेल, म्हणजे फोटोतील काळ्या भागांतही लाल उरलेला आहे. डावीकडचा काळा त्रिकोण हळूहळू उजवीकडे सरकवत आलेख सुरू होतो तेथे आणावा. केस, काळी छत्री, दाराआडची सावली हे भाग पुन्हा काळे होताना दिसतील. मग मधला त्रिकोण किंचित हलवून चेहऱ्यांचा रंग पाहावा आणि गरज वाटली तरच हिरव्या व निळ्या रंगांकडे वळावे.

नव्या फोटोंत क्रम असा ठेवावा : आधी तिरपेपणा काढणे, मग कडा छाटणे, मग रंगांचा समतोल, मग उजेड आणि सर्वांत शेवटी, आकार ठरल्यावर, धार वाढवणे. समईच्या किंवा पणत्यांच्या उजेडातील फोटोत स्वयंचलित समतोल वापरू नये. तो पिवळेपणा हा त्या उजेडाचाच रंग असतो आणि तो पूर्ण काढला की देवघर दवाखान्यासारखे दिसते. त्वचेचा मूळ रंग उजळवण्याचा प्रयत्नही कटाक्षाने टाळावा. सावळा चेहरा अंधारात बुडाला असेल तर सावलीचा भाग उचलून डोळे व नाकाची ठेवण स्पष्ट करावी, रंग मात्र त्या माणसाचाच राहू द्यावा.

पाठवण्यासाठी लहान प्रती लागतात, त्या ‘बॅच क्यू मॅनेजर’मधून एकदम तयार होतात. समाजमाध्यमांवर टाकायच्या प्रतींतून नोंदी काढून टाकाव्यात, कारण फोनच्या फोटोत घराचे नेमके स्थान नोंदलेले असू शकते. छापायच्या ४ बाय ६ इंचांच्या प्रतीला ३०० डीपीआयने १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात.

शेवटी संग्रहाच्या तीन प्रती ठेवाव्यात : एक संगणकावर, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, गावाकडे किंवा परगावी असलेल्या भावंडांकडे. प्रत काढून झाली की ती डिस्क ज्यावर डिजिकॅम नाही अशा संगणकाला जोडावी, नावे घातलेला (रॉ नसलेला) कोणताही फोटो निवडून त्याचे ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि टॅग व तारीख तेथे दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील तर नोंदी अजून फक्त डेटाबेसमध्येच आहेत. मेटाडेटाच्या सेटिंगकडे परत जाऊन त्या फाइलींत लिहवून घ्याव्यात आणि मगच पुढची प्रत काढावी.