करारात बांधलेले लाकूडतोड्यांचे गाव कसे रचावे

लाकूडतोड्यांचे गाव, पलीकडे रानात राहणारे वेगळेच लोक आणि दोघांमध्ये एक जुना करार. कादंबरी असो की रोलप्लेइंग खेळ, ही मांडणी बहुधा एकाच जागी फसते: करारात 'रानाचा मान राखावा' एवढेच असते. असला करार धड पाळताही येत नाही आणि मोडताही येत नाही. त्यात माप घाला.

१. आधी झाड ठरवा
ओक, हेझेल, साग यांच्या खुंटाला तोडीनंतर धुमारे फुटतात. पाइन, स्प्रूस अशा बहुतेक सूचिपर्णी झाडांना ते फुटत नाहीत. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या रानात करार 'पुन्हा कधी तोडायचे' याचा असतो, तर दुसऱ्यात 'बियांसाठी कोणती झाडे उभी ठेवायची' याचा. पुढचे टप्पे धुमाऱ्यांच्या रानासाठी आहेत.

२. कूप पाडा
समजा गावाच्या वाट्याला १०० हेक्टर रान आहे आणि आवर्तन, म्हणजे एकाच जागी दोन तोडींमधला काळ, २० वर्षांचे. ५ हेक्टरांचे २० कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले रानाचे तुकडे, पाडा. दर वर्षी एकाच कुपात तोड, तीही पानगळीनंतर. एकविसाव्या वर्षी पुन्हा पहिला कूप.

आता गाव वाढले आणि कुणी ६ हेक्टर मागितले. तेवढ्याने १०० हेक्टर १७ वर्षांतच संपतात. पहिली काही वर्षे कुणाला काही जाणवत नाही, कारण तोडीला येणारा माल अजून जवळपास २० वर्षांचाच असतो. मग हळूहळू बुंधे बारीक होत जातात आणि तेवढेच लाकूड मिळवायला आणखी क्षेत्र लागते. कथेला खलनायक लागत नाही, हा गुणाकार पुरतो.

तोडलेला कूप चराईला बंद ठेवण्याचे कलम विसरू नका. शेळ्यांनी किंवा हरणांनी शेंडे खाल्ले की धुमारे खुरटतात. ते जनावरांच्या तोंडापेक्षा उंच होईपर्यंत तोडीच्याच काटक्यांचे कुंपण घालावे लागते. ते राखायचे कुणी? इथे भांडण हमखास.

३. माप कुठे घ्यायचे ते लिहा
काही मोठी झाडे कुपात उभी राखली जातात. त्यांच्यासाठी घेराची अट घाला: १२० सेंटिमीटरपेक्षा कमी घेराचे झाड तोडायचे नाही. घेर छातीच्या उंचीवर मोजण्याची वनखात्यांची रीत आहे, पण छाती कुणाची? बुंधा खाली जाड असतो. रानातले लोक ठेंगणे असतील तर त्यांच्या छातीपाशी घेर जास्त भरतो आणि जास्त झाडे तोडीला बसतात. ते उंच असतील तर उलट. गावकरी अशा वेळी ठेंगणा साक्षीदार हटकून शोधून आणतील! म्हणून कराराच्या दगडावर उंचीची एक खूण कोरून ठेवा.

४. मोजणीची साक्ष
कागद नको, दुभंगलेली काठी घ्या. लाकडावर आडव्या खाचा पाडून काठी उभी चिरायची. एक फाळ गावाकडे, एक रानाकडे. दोन्ही जुळवल्यावर वाढीव खाच लगेच उघडी पडते. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यात अशा काठ्यांचा हिशेब १८२६ पर्यंत चालला. १८३४ मध्ये त्यांचा जुना साठा जाळताना संसदेची इमारतच आगीत गेली. तुमच्या गावातही काठ्या कुठे ठेवतात हे ठरवलेले बरे.

५. वाहतूक आणि वखार
४० सेंटिमीटर व्यासाचा, ४ मीटर लांबीचा ओला ओंडका साधारण अर्धा घनमीटर भरतो. जड जातीचा असेल तर वजन अर्ध्या टनाच्या आसपास. तो चढावर ओढणे परवडत नाही. म्हणून गाव कुपांच्या खालच्या अंगाला, नदीकाठी हवे.

मात्र ओला साग पाण्यात बुडतो. ब्रह्मदेशात त्यावर उपाय होता: उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि रसकाठ (सालीलगतचे रस वाहणारे लाकूड) कापून कंकण पाडायचे, झाड जागीच सुमारे ३ वर्षे वाळू द्यायचे, मग तोडून प्रवाहात सोडायचे. झाडाला जीव मानणाऱ्या लोकांशी करार असेल, तर कुऱ्हाडीच्या घावापेक्षा हे तीन वर्षांचे उभे मरण त्यांना जास्त खुपेल. यावर स्वतंत्र कलम हवे.

फळ्या वाळायला ठोकळ हिशेबाने दर इंच जाडीला एक वर्ष लागते. म्हणजे आज तोड थांबली तरी २ इंची फळ्यांची वखार आणखी दोन वर्षे भरलेली दिसेल. उपासमार उशिरा येते. कथेचा काळ तसा आखा.

६. रानाच्या बाजूला काय?
मीठ, धान्य, लोखंडी पाती, जे रानात होत नाही ते, ठरल्या दिवशी, ठरल्या मापाने. हक्कही बारीक लिहा. १२१७ च्या इंग्लंडमधल्या वनसनदेत रानात डुकरे चारण्यापर्यंतचे हक्क नोंदले आहेत आणि शिकारीच्या गुन्ह्यासाठी जीव किंवा अवयव घेऊ नये असेही म्हटले आहे. दंड याच धर्तीवर ठेवा: झाडामागे ठरावीक रोपे, किंवा एका कुपाची बंदी. प्रत्येक चुकीला युद्धच होत असेल, तर खेळ दुसऱ्या बैठकीत आटोपतो.

सुरुवात कूप उघडण्याच्या सकाळी करा. काठ्या जुळवल्या जातात, आणि गावाच्या फाळावर एक खाच जास्त निघते.